दोन तांबडे

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी क्वाजो ओबेंग बिरागोच्या खोलीची भिंत साबणाच्या पाण्याने धूत होता. खोली आदल्या दिवशीच रिकामी झाली होती. पलंग, पत्र्याची पेटी, आरसा आणि केळी ठेवायच्या पाट्या अंगणात आंब्याखाली नेऊन ठेवल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीपलीकडे चुलीची पडवी असल्याने त्या भिंतीवर पामतेलाचे डाग होते. खिडकीखाली एक पंजाएवढा, दाराच्या चौकटीला लागून दोन, आणि भिंतीवर लावलेल्या रंगाच्या दोन नमुन्यांपैकी उजवीकडच्यावर, खालच्या कोपऱ्यात, एक लहानसा. तेलावर रंग धरत नाही. क्वाजोने सगळे डाग काथ्याने घासले, फडक्याने पुसले आणि त्यांवरून बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे निघाले तेव्हा तो पुढच्या भिंतीकडे वळला.

बिरागो त्याची बायको. पाच आठवड्यांपासून ती शवागारात होती. शनिवारी तिला याच खोलीत, नव्या रंगात, लोकांच्या शेवटच्या भेटीसाठी ठेवायचे होते.

बेक्वाई गावात घराला रंग लागतो तो मरणाला. माणूस गेले की त्याला शवागारात ठेवतात, घराण्याची बैठक बसते, तारीख ठरते, आणि त्या तारखेच्या आत घर रंगवले जाते. कारण कुमासीहून, ताकोराडीहून माणसे येतात आणि रडून झाले की भिंती बघतात. गल्लीत रंगाचा वास सुटला की जाणारा-येणारा दाराशी थांबून विचारतो, "कोण गेलं?" क्वाजो तिशीपासून हेच काम करत आला आहे. आता तो साठीच्या पुढे आहे. जिवंत माणसाच्या खोल्या त्याने क्वचितच रंगवल्या. एका शाळामास्तराने एकदा लग्नासाठी खोली रंगवून घेतली, तर शेजारणी काळी वस्त्रे नेसून सांत्वनाला आल्या आणि नवरदेवाने त्यांना पाणी दिले.

बिरागोला मात्र जिवंतपणीच रंग हवा होता.

ती गाड्यांच्या अड्ड्यावर शिजवलेली चवळी आणि तळलेली केळी विकायची. या पदार्थाला देशभर लाल-लाल म्हणतात. एक लाल पामतेलाचा, दुसरा पिकलेल्या केळ्याचा. पहाटे ती चवळी शिजत घालायची आणि केळी एकेक करून दाबून बघायची. जे केळे अजून दोन दिवसांनी पिकणार, त्याला ती हातात धरून "आळशी" म्हणायची आणि पुन्हा पाटीत ठेवायची. अड्ड्यावरचे ड्रायव्हर तिला घाबरून असत. उधारी मागणाऱ्याला ती चवळी वाढायची, पण वर केळे ठेवायची नाही. "एक लाल आज घे, दुसरा पैसे आणशील तेव्हा."

इथल्या जुन्या रीतीप्रमाणे ती लग्नानंतरही आपल्या आईच्या घरी राहिली आणि क्वाजो आपल्या आईच्या. दोन घरांमध्ये एक गल्ली आणि एक प्रार्थनाघर. संध्याकाळचे जेवण ती झाकून त्याच्या घरी पाठवायची आणि अंधार पडल्यावर स्वतः जायची. आंत्वी नावाचा एक मुलगा झाला, तो ताकोराडीला बंदरावर कामाला लागला. खोली तिच्या आईने तिला दिली होती. भिंती तेव्हा पांढऱ्या होत्या. आता त्यांचा रंग कुठला, हे रंगाऱ्यालाही सांगता आले नसते.

"मेल्यावर रंगवतात ते पाहुण्यांसाठी," ती म्हणायची. "मला डोळे उघडे असताना बघायचाय."

"या महिन्यात देन्यासेतलं घर आहे, मग अड्ड्यामागचं. तारखा ठरल्यात गं त्यांच्या."

"म्हणजे माझी तारीख ठरेपर्यंत थांबू?"

"जिवंत माणूस थांबू शकतं. मेलेलं थांबत नाही."

हे वाक्य तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा आणि सगळे हसायचे. बिरागोही हसायची. गेल्या वर्षी ती हसायची थांबली आणि तिने जेवण पाठवणे बंद केले. दुसऱ्या संध्याकाळी क्वाजो नमुन्याचे दोन लहान डबे आणि ब्रश घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

त्याने भिंतीवर दोन चौकोन रंगवले. डावीकडचा पिवळा, इथे ज्याला कोंबडीच्या चरबीचा रंग म्हणतात तो. उजवीकडचा फिका विटकरी, पांढऱ्यात विटेची पूड कालवावी तसा.

"याला काय म्हणतात?" तिने उजवीकडच्याला विचारले.

"डब्यावर कंपनीनं नाव लिहिलंय."

"कंपनी इथं झोपणार आहे का?"

"तू सांग मग."

"दोन्ही कॉकॉ," ती म्हणाली. "एक जरा जास्त शिजलाय."

कॉकॉ म्हणजे तांबडा. पण या भाषेतला तांबडा मोठा ऐसपैस आहे. रस्त्यावरची माती कॉकॉ, सोने कॉकॉ, पिकलेले केळे कॉकॉ, उजळ कातडीची बाई कॉकॉ, पामतेल कॉकॉ. जुनी माणसे काळा, पांढरा आणि तांबडा एवढ्यांवर जग भागवतात. क्वाजो डब्यांवरची नावे वाचून वाचून वेगळे बोलायला शिकला होता. बिरागोला त्याची गरज पडली नव्हती.

नमुने लावून तो निघाला तेव्हा तिने मागून हाक मारली. "माझा अंगठा नाही मागितलास."

अंगठ्याची रीत क्वाजोचीच. फार वर्षांपूर्वी एका घराण्याने सांगितलेला हिरवा लावून झाल्यावर दोन भावांत भांडण लागले, की सांगितला तो पानांचा हिरवा की शेवाळाचा. घर पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून तो दोन नमुने लावतो, आणि मालकाने रंगात अंगठा बुडवून पसंतीच्या नमुन्याच्या खालच्या कोपऱ्यात ठसा उमटवल्याशिवाय मोठा डबा फोडत नाही. अंगठा नाही, तर रंग नाही. घराण्यांच्या प्रमुखांनीही त्याच्या नमुन्यांवर अंगठे दिले आहेत.

"बायकोचा कुठं अंगठा घेतात," तो म्हणाला होता.

त्यानंतर ते दोन चौकोन भिंतीवर तसेच राहिले. ती त्यांच्याकडे पहाटे बघायची, संध्याकाळी बघायची, तो आला की त्याला बघायला लावायची. आज पिवळा बरा वाटतोय. काल विटकरी वाटत होता, पण काल ढग होते. क्वाजो म्हणायचा, ठरलं की सांग. पावसाळा गेला, कोरडे वारे आले, धुळीने दोन्ही चौकोन एकाच रंगाचे झाले, तिने ते ओल्या फडक्याने पुसले. मग तिच्या पोटात दुखायला लागले.

इस्पितळात ती थोडेच दिवस होती. शेवटच्या आदल्या दिवशी क्वाजो पलंगाशी बसला होता. ती डोळे मिटून पडली होती आणि तशीच बोलली.

"खोलीचं ठरलं."

"कुठला?"

"कॉकॉ." मग जरा वेळाने, "तो रे. गेलास की दिसेलच तुला."

नर्स सलाइन बदलायला आली. क्वाजो बाजूला झाला. नर्स गेल्यावर बिरागो झोपली होती. उद्या विचारू म्हणून त्याने उठवले नाही.

मंगळवारी, भिंती धुऊन होईपर्यंत, बिरागोची मोठी बहीण पोकुआ दारात येऊन उभी राहिली.

"तू कशाला आलास? तू बसून राहायचंस. लोक तुला भेटायला येणार, आणि नवरा शिडीवर."

"दुसरा कोण रंगवणार?"

"गावात दुसरा रंगारी नाही?"

"आहे. त्याला भेगांत लांबी भरता येत नाही."

"जिवंत होती तेव्हा तुला वेळ नव्हता," पोकुआ म्हणाली आणि चहा ठेवून गेली. चहा त्याने घेतला नाही.

आठ वाजता वोफा आमोआको आला. वोफा म्हणजे मामा. बिरागोचा थोरला भाऊ, घरातल्या सगळ्या भाचरांचा मामा आणि घराण्याचा प्रमुख. बहीण मेली की ती भावाची होते. नवऱ्याने शवपेटी आणायची आणि सांगतील तिथे बसायचे.

"अकोंता, पांढरा मार," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. मेव्हण्याला इथे अकोंता म्हणतात.

"तिनं रंग सांगून ठेवलाय."

"कुणाला?"

"मला. इस्पितळात."

"मग मार की तो. मी कोण नको म्हणणारा. कुठला?"

"कॉकॉ."

वोफाने काठी आधी एका चौकोनाला लावली, मग दुसऱ्याला. "हा कॉकॉ. हाही कॉकॉ. माझं टक्कलसुद्धा कॉकॉ आहे. तो मारतोस का?"

"टक्कल नको," मागून पोकुआ म्हणाली. "पाहुणे घाबरतील."

क्वाजो हसला नाही, तेव्हा वोफाही थांबला. त्याने भिंतीकडे नीट पाहिले.

"सगळ्या बेक्वाईचे अंगठे घेत फिरतोस," तो म्हणाला. "घरचा घेतला नाहीस?"

क्वाजोने ब्रशचे केस मोकळे केले.

"दुपारपर्यंत ठरव. ठरलं नाही तर पांढरा. पांढऱ्यात कुणी चूक काढत नाही."

क्वाजोने कपडे न बदलता गल्ली ओलांडली आणि विचारत फिरला. अड्ड्यावर बिरागोच्या शेजारी भाजलेली कणसे विकणारी बाई म्हणाली, मला म्हणायची की नवरा रंगारी असून भिंत काळी, एवढंच. प्रार्थनाघराच्या बायकांपैकी एकीने पिवळा सांगितला, दुसरीने तिला गप्प केले, कारण पिवळा तिच्या स्वतःच्या घराचा होता. आंत्वीला फोन लावला. मागे बंदरावरचे भोंगे वाजत होते.

"आईचा चर्चचा रुमाल पिवळा होता," आंत्वी म्हणाला. "पिवळाच असेल."

"असेल, की आहे?"

"मला काय माहीत, बाबा. तुम्ही होतात तिथे."

तो परत आला तेव्हा पोकुआ चुलीपाशी बसून चवळी निवडत होती. बिरागोच्या जागी आता ती अड्ड्यावर बसणार होती. क्वाजो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुला काही बोलली असेल."

"रंगाचं नाही बोलली." पोकुआने एक खडा बाहेर टाकला. "पण तू उगाच डोकं फोडतोयस. ती दिवसातून शंभरदा कॉकॉ म्हणायची. कशाला म्हणायची?"

"केळ्याला."

"मग? कुठला चौकोन पिकल्या केळ्यासारखा आहे?"

क्वाजो खोलीत गेला. दोन्ही चौकोन स्वच्छ धुतलेले होते, कडा सरळ, रंग लावला त्या दिवसासारखा. त्याने डावीकडच्याकडे पाहिले. पिकलेल्या केळ्याची साल खरोखर याच रंगाची असते. जन्मभर ज्या वस्तूला ती हा शब्द वापरत आली, तिचाच रंग तिने मागितला असणार. "दिसेलच तुला," हेही त्यात बसत होते. केळे पिकले की दिसते, विचारावे लागत नाही.

त्याने वोफाला निरोप पाठवला. पिवळा.

लांबी भरून, घासून, बुधवारी त्याने पहिला हात मारला आणि गुरुवारी दुसरा. दोन्ही चौकोन पहिल्या हाताखालीच गेले. विटकरी जरा वर डोकावत होता, त्यावर त्याने ब्रश दोनदा फिरवला. कोपरे त्याने लहान ब्रशने भरले. पलंगामागचा भाग, जो कुणालाच दिसणार नव्हता, तोही. मृताच्या घरी तो एवढे करत नाही, तारीख डोक्यावर असते. गुरुवारी संध्याकाळी त्याने दार उघडून उतरते ऊन आत घेतले आणि बराच वेळ उभा राहिला. खोली उजळ झाली होती. पोकुआ आत आली, तिने भिंतीला हात लावला आणि हात मागे घेतला.

"ओला आहे," क्वाजो म्हणाला.

"तिनं बघायला हवा होता," पोकुआ म्हणाली. त्या आठवड्यात तिने टोमणा न मारता उच्चारलेले ते एकच वाक्य.

शुक्रवारी सजावटीची माणसे आली. त्यांनी भिंतींवर पांढरी जाळी आणि घराण्याची रंगीत विणीची केंटे वस्त्रे टांगली, पितळी पलंग मांडला, पलंगाभोवती फुले लावली. जाळी छतापासून दीड वीत खाली सुरू होत होती. पिवळा दिसत होता तो तेवढाच पट्टा.

शनिवारी सकाळी बिरागो त्या पलंगावर होती. तिला सोन्याच्या बांगड्या, गळ्यात मोठे मणी आणि बायकांनी ठरवलेला चेहरा होता. माणसे रांगेने आत येत, पलंगाला वळसा घालत, तिच्याशी दोन शब्द बोलत आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडत. अड्ड्यावरचा एक ड्रायव्हर तिला म्हणाला, "तुझे राहिलेत माझ्याकडे, मावशी," आणि रडला. क्वाजो काळे वस्त्र नेसून खुर्चीवर बसला होता. भेटणारे त्याच्याशी हात मिळवताना खाली बघत आणि तो जाळीच्या वर बघत असे. त्याला वाटले होते, ती या खोलीत आली की कळेल. बरोबर असेल तर बरोबर दिसेल. दुपारी पेटी बंद झाली, तोवर त्याला काहीच कळले नव्हते.

रविवारी प्रार्थनेनंतर काळे-पांढरे कपडे घालून सगळे अंगणात जमले. जेवणे झाली. वोफाने उभे राहून आलेल्यांचे आभार मानले आणि बिरागोची खोली यापुढे सेरवाची, असे जाहीर केले. सेरवा पोकुआची मुलगी, ओबुआसीला शिवणकाम करते. बिरागो इस्पितळात जाईपर्यंत काही महिने ती बेक्वाईला येऊन बिरागोच्या हाताखाली केळी तळत होती. आता ती परत येणार होती. घराण्याची खोली घराण्यात राहते. नवऱ्याला किंवा मुलाला ती जात नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

जाळी उतरवली होती. क्वाजो आपले ब्रश आणि शिडी न्यायला खोलीत गेला तेव्हा सेरवा टेप घेऊन खिडकी मोजत होती.

"काका, खोली छानच झाली," ती म्हणाली. "या पिवळ्यावर मी हिरवे पडदे करीन." मग टेप गुंडाळता गुंडाळता, "पण मावशीनं तर दुसऱ्याला दिला होता ना?"

"काय दिला होता?"

"अंगठा." ती हसली. "आम्ही केळी तळत होतो. एकदम उठली, मला म्हणाली, कढई बघ, आणि तेलाचा हात तसाच घेऊन आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, 'दुनियेचे अंगठे मागतो आणि माझा मागत नाही. घे म्हणावं, न मागता दिलाय. बघू, दिसतो का रंगाऱ्याला.' दुसऱ्याच दिवशी तिला इस्पितळात नेलं."

क्वाजोने शिडी भिंतीला टेकवली.

"कुठल्या?"

"तो विटकरी होता ना, त्या." सेरवा भिंतीजवळ गेली आणि तिने ताज्या पिवळ्यावर बोट ठेवले. "इथे. खालच्या कोपऱ्यात. तुम्ही सगळ्यांचा घेता तिथेच. तुम्हाला दिसला नव्हता?"

"दिसला," क्वाजो म्हणाला.

 क्वाजोने पुढे होऊन त्या जागेवर आपला अंगठा ठेवला. रंग पक्का वाळला होता, ठसा उमटला नाही.

तो अंगणात आला. वोफा आंब्याखाली पाय पसरून बसला होता, चपला बाजूला काढलेल्या.

"वोफा, खोली पुन्हा रंगवू दे. माझ्या रंगानं, माझ्या मेहनतीनं. तीन दिवस."

"का? पिवळ्यात काय खोट आहे?"

क्वाजोने त्याला सांगितले. डाग कुठे होता, केवढा होता, कशाने घासला.  ऐकून झाल्यावर वोफाने चपला पायांत सरकवल्या.

"उद्या या घराला पुन्हा रंगाचा वास आला, तर लोक येऊन विचारतील, कोण गेलं," तो म्हणाला. "मी काय सांगू?"

"सांग की चूक झाली."

"अकोंता, चूक कुणाची, हे तुझं तुला ठाऊक. ती गेली. खोली पोरीची झाली. आता पुढच्या मरणाला." मग त्याने काठी टेकून उठता उठता क्वाजोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तेव्हा विटकरी मार. मी असलो तर अंगठा देईन. मीच गेलेला असलो, तर माझ्यासाठी मार."

पोकुआने चुलीपाशी भांडे झाकून ठेवले होते. तिने ते क्वाजोच्या हातात दिले. आत चवळी होती, वर केळी.

"उद्या बस घरी," ती म्हणाली. "कालच माती दिलीय. लोक काय म्हणतील?"

"देन्यासेची तारीख ठरलीय."

"तुझ्या तारखा," पोकुआ म्हणाली.

क्वाजोने शिडी खांद्यावर घेतली. त्याने आणून ठेवलेला विटकरी रंगाचा मोठा डबा न फोडलेला होता. तो त्याने सेरवाच्या खोलीत दारामागे ठेवला आणि तिने तो राहू दिला.

उद्या सोमवार आहे. सकाळी सहाला क्वाजो ओबेंग देन्यासेतल्या घराच्या ओसरीची भिंत धुवायला घेईल. त्या घरचा अंत्यविधी येत्या शनिवारी आहे. दोन्ही नमुने लावून झाले आहेत, आणि घराण्याच्या प्रमुखाने पांढऱ्यावर अंगठा दिला आहे.